निअँडरथलांच्या गुहेतल्या मातीचं वय कसं काढायचं: ट्यूब ठोकण्यापासून शेवटच्या आकड्यापर्यंत

गुहेत निअँडरथलचं (आपल्या जवळच्या, आता नामशेष झालेल्या मानवजातीचं) हाड सापडलं असेल तर सरळ त्या हाडाचं वय काढा ना, माती कशाला तपासत बसता, असं बऱ्याच जणांना वाटतं आणि वाटणं साहजिक आहे. पण हाडावर चालणारी रेडिओकार्बन पद्धत साधारण ५० हजार वर्षांपाशी दम तोडते. कार्बन-१४ चं अर्धआयुष्य ५,७३० वर्षं, म्हणजे ५० हजार वर्षांनी मूळच्या चारशे भागांतला जेमतेम एक भाग उरतो, आणि त्यात आजचा कार्बन एक टक्का जरी मिसळला (मुळं, गोंद, हाताळणी, काहीही) तर कितीही जुनं हाड ३७ हजार वर्षांच्या आसपासचं दिसायला लागतं. निअँडरथलांचा बहुतेक सगळा इतिहास या मर्यादेच्या पलीकडचा आहे. शिवाय प्रत्येक ठिकाणी हाड असतंच असंही नाही. फ्रान्समध्ये लुआर नदीच्या काठी लांज्ये गावाजवळ ला रोश-कोतार नावाची गुहा आहे, तिथे मऊ चुनखडीच्या भिंतीवर बोटांनी ओढलेल्या रेघा आहेत. रेघेत काय तपासणार? तिथे वय काढलं ते गुहेचं तोंड बुजवणाऱ्या गाळाचं. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या कामात गुहेच्या आतून आणि आजूबाजूने घेतलेल्या गाळाची ५० ओएसएल वयं होती आणि निष्कर्ष असा की गुहा ५७ हजार वर्षांपूर्वी (अधिक-उणे ३ हजार) पूर्ण बंद झालेली होती, म्हणजे रेघा त्याच्याही आधीच्या.

तर आपण ओएसएल, म्हणजे ऑप्टिकली स्टिम्युलेटेड ल्युमिनेसन्स, हीच पद्धत धरून चालू. बाकीच्या पद्धती मदतीला येतीलच.

आधी, मोजतो काय ते

वाळूचा कण (क्वार्ट्झ किंवा फेल्डस्पार) मातीत पुरला गेला की आजूबाजूच्या युरेनियम, थोरियम, पोटॅशियममधून येणारं रेडिएशन त्याच्यावर सतत पडत राहतं आणि त्यातली थोडी ऊर्जा कणाच्या स्फटिकात अडकून बसते. पिग्मी खात्यासारखं समजा, रोज थोडी थोडी रक्कम जमा होतेय, आणि उन्हात कण गेला की खातं पूर्ण रिकामं. लॅबमध्ये आपण कणावर प्रकाश टाकतो, अडकलेली ऊर्जा उजेडाच्या रूपात बाहेर पडते, त्यावरून जमा रक्कम कळते. ती भागिले दरवर्षीची भर, की मिळालं वय. जमा डोस ग्रे या एककात मोजतात आणि भरीचा दर (डोस-रेट) हजार वर्षांना इतके ग्रे असा.

आता एक गोष्ट इथेच ठसवून घ्या कारण पुढचे सगळे घोळ तिच्यातूनच निघतात. हे वय कणाने शेवटचं ऊन कधी पाहिलं त्याचं आहे. निअँडरथलचं नाही, अवजाराचं नाही, चुलीचंही नाही. कण आणि माणूस यांचा संबंध मशीन लावून देत नाही, तो खड्ड्यात उभं राहून आपल्याला लावावा लागतो. म्हणून मी या लेखात मशीनपेक्षा खड्ड्यावरच जास्त बोलणार आहे.

पायरी १: ट्यूब हातात घ्यायच्या आधी थर वाचा

गुहेतला गाळ नदीकाठच्या गाळासारखा सरळमार्गी नसतो. काही माती वाऱ्याने तोंडातून आत आलेली, काही पुराने, काही उतारावरून घसरत, काही छताच्या भेगांमधून पाण्याबरोबर टपकलेली, काही छत-भिंत झिजून पडलेली, वर वटवाघळांची विष्ठा, तरसांची आणि गुहा-अस्वलांची घाण, आणि माणसांनी आणलेलं सामान नि राख वेगळीच. यातल्या प्रत्येकाची उन्हाची गोष्ट वेगळी. वाऱ्याने आलेल्या कणाने भरपूर ऊन खाल्लेलं असतं, क्वार्ट्झचा जलद सिग्नल तर चांगल्या उन्हात काही सेकंद-मिनिटांत पुसला जातो, त्यामुळे त्याचं खातं शून्यावरून सुरू झालं असं मानता येतं. पण छताच्या दगडातून सुटून पडलेला कण? त्याने ऊन पाहिलेलंच नाही, त्याच्यात लाखो वर्षांचा डोस गच्च भरलेला. असे थोडे कण मिसळले तरी सरासरी वय विनाकारण फुगतं. म्हणून शक्य तिथे गुहेच्या तोंडाजवळचे, बाहेरून आलेले बारीक वाळूचे थर निवडा आणि आतल्या अंधाऱ्या कोपऱ्यातल्या, दगडांच्या चुऱ्याने भरलेल्या थरांकडे संशयाने बघा.

दुसरी तपासणी म्हणजे थर हललाय का. उंदीर-घुशींची बिळं, मुळांच्या वाटा, थंडीत माती गोठून-वितळून झालेली उलथापालथ, हे सगळं वरचे कण खाली नेतं आणि खालचे वर. डोळ्याला बीळ दिसलं तर नशीब, बरेचदा दिसत नाही. त्यासाठी मायक्रोमॉर्फॉलॉजीचा एक ब्लॉक काढा: थराचा न हललेला तुकडा प्लास्टरमध्ये बांधून आणायचा, रेझिनमध्ये जिरवायचा आणि त्याची सुमारे ३० मायक्रॉन जाडीची चकती कापून सूक्ष्मदर्शकाखाली बघायची. राख जागच्या जागी आहे की वाहून आलीय, थर तुडवला गेलाय का, फॉस्फेट तयार झालंय का, हे तिथे कळतं. हे काम लोक 'नंतर बघू' म्हणून टाळतात. टाळू नका, ओएसएलच्या ट्यूबशेजारूनच ब्लॉक घ्या.

मग ठरवा की वय नेमकं कशाचं हवंय. अवजारांचा थर असेल तर त्या थरातून एक, लगेच वरून एक आणि लगेच खालून एक अशी निदान तीन सॅम्पल. गुहा बंद कधी झाली हे हवं असेल तर तोंड बुजवणारा गाळ, तोही एका जागी नाही तर जमेल तितक्या जागी. ला रोश-कोतारमध्ये १९१२ साली मालक फ्रांस्वा दाशों यांनी खोदकाम केलं तेव्हाच आतला बराचसा गाळ निघून गेलेला, त्यामुळे नंतरच्या लोकांना शिल्लक राहिलेल्या पट्ट्यांवर आणि बाहेरच्या उतारावरच्या थरांवर भिस्त ठेवावी लागली, आणि आतले-बाहेरचे थर एकमेकांशी जुळवणं हाच त्यातला मोठा भाग होता.

डीएनएसाठी माती घ्यायची असेल तर ती सगळ्यात आधी, ग्लव्ह्ज-मास्क घालून, ट्यूब ठोकायच्या अगोदर.

पायरी २: सॅम्पल घेणं

सामान फार नाही. स्टीलच्या किंवा जाड अपारदर्शक पीव्हीसीच्या ट्यूब (व्यास ५ सेंटीमीटर आणि लांबी २० च्या आसपास ठीक), हातोडा, काळी चिकटपट्टी, ॲल्युमिनियम फॉइल, जाड काळ्या पिशव्या, हवाबंद प्लास्टिक पिशव्या, पर्मनंट मार्कर, फोटोसाठी स्केल. कट (खड्ड्याची उभी भिंत) आधी काही सेंटीमीटर आत छिलून ताजा करा, कारण उघडा पृष्ठभाग उन्हाने पुसलेला असतो. ट्यूबच्या मागच्या तोंडाला फॉइल लावून ती थरात आडवी ठोका, पूर्ण भरेपर्यंत. अर्धवट भरलेली ट्यूब वाटेत हलते, टोकाची उजेड लागलेली माती मधल्या मातीत मिसळते आणि सॅम्पल वाया. भरली नाही तर मोकळी जागा काळ्या पिशवीचा बोळा कोंबून बंद करा. बाहेर काढल्या काढल्या दोन्ही तोंडं फॉइल आणि काळ्या पट्टीने सील, वर नंबर, थर, खोली, दिशा, तारीख.

गुहेत दगडच इतके असतात की बऱ्याच ठिकाणी ट्यूब जातच नाही. मग रात्री, किंवा काळी ताडपत्री ताणून तिच्या आत, डोक्याला मंद लाल दिवा लावून करणीने माती खरवडून थेट काळ्या पिशवीत भरायची. वरचा एक थर आधी खरवडून फेकून द्यायचा, मग आतली घ्यायची.

आता ट्यूब काढल्यावर जे भोक राहिलं ते अजून कामाचं आहे. गॅमा किरण मातीत साधारण ३० सेंटीमीटरपर्यंतून येतात (बीटा काही मिलिमीटर, अल्फा तर केसाच्या जाडीपेक्षाही कमी), म्हणजे तुमच्या कणाला गॅमा डोस देणारा गोळा साठ सेंटीमीटर व्यासाचा आहे. गुहेत त्या गोळ्यात एका बाजूला चुनखडीचा धोंडा (रेडिएशन जवळपास नाहीच), दुसऱ्या बाजूला चिकणमाती (भरपूर) असं असू शकतं. अशा ठिकाणी पिशवीभर माती लॅबमध्ये मोजून उत्तर मिळत नाही. भोक मोठं करून त्यात पोर्टेबल गॅमा स्पेक्ट्रोमीटर घाला, नाहीतर ॲल्युमिनियम ऑक्साइडचे छोटे डोसीमीटर काही महिने पुरून ठेवा. मला विचाराल तर गुहेत ही पायरी गाळलेलं वय मी कच्चंच धरतो.

याशिवाय भोकाभोवतालची किलोभर माती डोस-रेटसाठी, आणि मूठभर माती हवाबंद पिशवीत ओलाव्यासाठी. विमानतळावरच्या एक्सरेची भीती अनेकांना असते, तो डोस इथल्या दहा-दहा ग्रेंच्या हिशेबात नगण्य आहे. खरी भीती कस्टमवाल्याने 'आत काय आहे' म्हणून ट्यूब उघडण्याची. लॅबचं पत्र सोबत ठेवा, ठळक अक्षरात.

पायरी ३: लाल दिव्याची खोली

ही पायरी पटकन सांगतो, कारण ती कुठल्याही ल्युमिनेसन्स लॅबमध्ये जवळपास सारखीच असते. ट्यूबच्या दोन्ही टोकांची २-३ सेंटीमीटर माती बाजूला काढा (ती ओलावा आणि डोस-रेटसाठी चालते), मधली घ्या. ओली चाळणी करून १८० ते २१२ मायक्रॉनचे किंवा जे मिळतील ते बारीक वाळूचे कण वेगळे करा. मग हायड्रोक्लोरिक ॲसिडने चुना घालवा, गुहेच्या मातीत हा फेस भरपूर येतो, थेंब थेंब घाला आणि फेस पूर्ण थांबेपर्यंत थांबा. हायड्रोजन पेरॉक्साइडने सेंद्रिय भाग. मग सोडियम पॉलीटंगस्टेटच्या जड द्रावात २.६२ ते २.७० घनतेचा क्वार्ट्झ आणि २.५८ च्या खालचा पोटॅशियम फेल्डस्पार वेगळा.

शेवटी क्वार्ट्झ ४० टक्के हायड्रोफ्लोरिक ॲसिडमध्ये ४० ते ६० मिनिटं, म्हणजे उरलेला फेल्डस्पार विरघळतो आणि अल्फाने बाधित झालेली कणाची बाहेरची कातडी निघते. हे ॲसिड जीवघेणं आहे हो, त्वचेतून आत जातं आणि सुरुवातीला दुखतही नाही कधीकधी. काचेच्या भांड्यात नाही, फ्यूम हूडखाली, कॅल्शियम ग्लुकोनेट जेल हाताशी असताना आणि ज्याने आधी केलंय त्याच्या देखरेखीत. एकट्याने कधीच नाही.

पायरी ४: मशीन

कण रीसो रीडरसारख्या मशीनमध्ये जातात, ज्यात निळे किंवा इन्फ्रारेड दिवे, हीटर आणि स्ट्रॉन्शियम-९० चा बीटा सोर्स असतो. २००० साली मरे आणि विंटल यांनी मांडलेली एसएआर पद्धत आज सगळीकडे वापरतात: आधी कणातला नैसर्गिक सिग्नल मोजा, मग त्याच कणाला ठरावीक डोस देऊन पुन्हा मोजा, वेगवेगळ्या डोसचा आलेख काढा, आणि प्रत्येक वेळी एक छोटा टेस्ट डोस देऊन कणाची संवेदनशीलता बदलली का ते दुरुस्त करा. नैसर्गिक सिग्नल आलेखावर जिथे बसतो तो तुमचा डोस.

चाचण्या न करता आकडा उचलू नका. तोच डोस परत दिला तर तोच सिग्नल येतो का (१० टक्क्यांच्या आत), शून्य डोसला सिग्नल जवळपास शून्य आहे का, आणि लॅबमध्ये पुसून तुम्हीच दिलेला डोस मशीन बरोबर ओळखतं का. शेवटची चाचणी फेल झाली तर बाकी काहीही सुंदर दिसलं तरी उपयोग नाही.

गुहेसाठी माझा कौल सिंगल-ग्रेनला. चकतीवर शंभर छोटे खड्डे, प्रत्येकात एक कण, प्रत्येकावर लेझर. कंटाळवाणं काम आहे कारण बहुतेक कण उजेडच देत नाहीत, शंभरातले मोजके बोलतात. पण छतातून पडलेले न पुसलेले कण आणि बिळातून आलेले तरुण कण वेगळे ओळखायचा हाच भरवशाचा मार्ग. सायबेरियातल्या डेनिसोव्हा गुहेत वोलाँगाँग विद्यापीठाच्या झेनोबिया जेकब्स आणि रिचर्ड रॉबर्ट्स यांच्या टीमने २०१९ मध्ये १०३ वयं दिली आणि त्यासाठी २,८०,००० हून जास्त कण मोजले, म्हणजे बघा केवढा पसारा.

एकेक कण न बघितल्याने काय होतं याचं जुनं उदाहरण ऑस्ट्रेलियातलं जिनमियम. ती गुहा नाही, खडकाचा आडोसा आहे, आणि निअँडरथलांशी संबंधही नाही, पण धडा तोच. १९९६ मध्ये तिथल्या गाळाला थर्मोल्युमिनेसन्सने (कणावर प्रकाश टाकण्याऐवजी तो तापवून मोजायची पद्धत) एक लाखाच्या वरची वयं आली, ऑस्ट्रेलियात माणूस इतक्या आधी आला म्हणून गाजावाजा झाला, आणि १९९८ मध्ये ओएसएलने एकेक कण तपासल्यावर ते १० हजारांच्या आत आलं, जुन्या दगडाच्या चुऱ्यातल्या न पुसलेल्या कणांनी सगळं फुगवलेलं.

क्वार्ट्झची अडचण म्हणजे खातं भरतं, साधारण १५० ते २०० ग्रेनंतर नवीन भर दिसेनाशी होते. गुहेत रेडिएशन कमी असेल तर एवढ्यात लाख-दीड लाख वर्षं आरामात बसतात, त्याहून जुन्यासाठी फेल्डस्पारकडे जा. फेल्डस्पार जास्त साठवतो पण अडकलेली ऊर्जा आपोआप गळतेही, वय कमी दिसतं, म्हणून आधी कमी आणि मग जास्त तापमानाला इन्फ्रारेड मोजणारी पोस्ट-आयआर पद्धत वापरतात, जिच्यात गळती बरीच कमी असते. पण हा सिग्नल उन्हात हळू पुसला जातो, म्हणजे अंधाऱ्या गुहेत पुन्हा तीच शंका. दोन्ही खनिजं मोजा, वयं जुळली तर निश्चिंत, कारण पुसायला वेगवेगळा वेळ घेणारी दोन घड्याळं एकच वेळ दाखवत असतील तर कण नीट पुसले गेले होते. (जाता जाता: आपल्याकडे दख्खनच्या बेसाल्टमध्ये मुळात क्वार्ट्झ जवळपास नसतोच आणि ज्वालामुखी दगडातला फेल्डस्पार गळण्यात सगळ्यांत पुढे, त्यामुळे महाराष्ट्रातल्या नद्यांच्या गाळावर हे काम करणाऱ्यांची डोकेदुखी फ्रान्सवाल्यांपेक्षा मोठी आहे.)

पायरी ५: डोस-रेट, जिथे खरं वय बिघडतं

मशीनच्या आकड्यांवर सगळे भांडतात आणि भागाकारातल्या खालच्या आकड्याकडे, म्हणजे डोस-रेटकडे, कुणी बघत नाही. मातीतलं युरेनियम, थोरियम, पोटॅशियम लॅबमध्ये मोजा, खड्ड्यातल्या गॅमा मापनाशी ताडून बघा, कॉस्मिक किरणांचा वाटा धरा (गुहेचं छत तो कमी करतं, छताची जाडी मोजून ठेवा, आणि छत मधल्या काळात कोसळलं असेल तर तोही हिशेब).

एक काल्पनिक उदाहरण: जमा डोस ८० ग्रे, दर १.४ ग्रे प्रति हजार वर्षं, वय ५७ हजार. आता हा दर १० टक्के ओलावा धरून काढलाय असं समजा. पाणी रेडिएशन अडवतं. त्या काळातला सरासरी ओलावा खरंतर २० टक्के असेल तर दर १.२७ च्या आसपास येतो आणि वय थेट ६२-६३ हजारांवर जातं. मशीनला हातही न लावता पाच हजार वर्षं इकडची तिकडे! आणि आज उन्हाळ्यात उघड्या कटावर मोजलेला ओलावा म्हणजे हजारो वर्षांचा ओलावा नव्हे. हिमयुगात ती माती गोठलेली होती का, गुहा कधी पाण्याखाली होती का, माती पूर्ण भिजली तर किती पाणी धरते, हे बघून एक पल्ला ठरवा आणि ती अनिश्चितता वयाच्या चुकीत प्रामाणिकपणे धरा.

दुसरा छुपा शत्रू युरेनियम. हाडं आणि वटवाघळांच्या विष्ठेतून झालेलं फॉस्फेट नंतर युरेनियम ओढून घेतात, म्हणजे आजचा दर पूर्वीचा नव्हता. हाय-रिझोल्यूशन गॅमा स्पेक्ट्रोमेट्रीने युरेनियमची साखळी (युरेनियम आणि त्याच्या विघटनातून पुढे बनणारी मूलद्रव्यं) समतोलात आहे का ते तपासा. नसेल तर दोन टोकाचे अंदाज घेऊन दोन वयं काढा आणि दोन्ही छापा.

पायरी ६: विखुरलेल्या आकड्यांचं करायचं काय

एकाच सॅम्पलच्या कणांचे डोस रेडियल प्लॉटवर (प्रत्येक कणाचा डोस आणि त्याची अचूकता एकत्र दाखवणारा आलेख) मांडा. एकाच पट्ट्यात बसले तर सेंट्रल एज मॉडेल, म्हणजे सगळ्यांचा मध्य धरायचा. खाली एक घट्ट गट आणि वर लांब शेपूट असेल तर कण अर्धवट पुसलेत, मिनिमम एज मॉडेल, म्हणजे खालचा गट धरायचा. दोन-तीन वेगळे घोळके दिसले तर मिसळ झालीय, आणि इथे मॉडेल निवडायच्या आधी मायक्रोमॉर्फॉलॉजीची चकती परत बघा. हवं ते वय देणारं मॉडेल निवडणं हा या क्षेत्रातला जुना आजार आहे. विखुरणं डोस-रेटमुळेही येतं हे विसरू नका, एक कण पोटॅशियमवाल्या दाण्याला चिकटून बसलेला, दुसरा चुनखडीला, मग डोस सारखा कसा येणार.

पायरी ७: दुसऱ्या घड्याळाशी पडताळा

थरात किंवा थरावर चुन्याचा झिरपा साठलेला असेल तर युरेनियम-थोरियम (त्यातल्या युरेनियमचं किती थोरियम झालं यावरून वय). फ्रान्समधल्या ब्रुनिकेल गुहेत तोडलेल्या स्टॅलॅग्माइटांची (जमिनीवरून वर वाढलेल्या चुन्याच्या खांबांची) कडी आहेत, त्यांचं वय याच पद्धतीने १,७६,५०० वर्षं आलं. भाजलेलं फ्लिंट (अवजारांसाठी वापरलेला कठीण दगड) असेल तर थर्मोल्युमिनेसन्स, ते आगीने शून्य होतं, उन्हाशी संबंध नाही, आणि वय थेट माणसाच्या चुलीचं मिळतं. इटली-बाल्कनकडच्या गुहांत सुमारे ४० हजार वर्षांपूर्वीच्या कँपानियन ज्वालामुखी स्फोटाची राख सापडली तर लॉटरीच. वरच्या थरांत रेडिओकार्बनही चालतो. सगळं मिळून ऑक्सकॅलसारख्या प्रोग्रॅमच्या बेझियन मॉडेलमध्ये (सगळी वयं आणि थरांचा क्रम एकत्र जुळवणारा संख्याशास्त्रीय हिशेब) घाला, पण सगळ्या ओएसएल वयांत सामायिक असलेली चूक (तोच सोर्स, तीच कॅलिब्रेशन) वेगळी धरा, नाहीतर मॉडेल खोट्या अचूकतेने खूश करतं.

पायरी ८: मग थरात कोण होतं?

ला रोश-कोतारमध्ये आत सापडलेली सगळी अवजारं मूस्टेरियन नावाच्या दगडी घडणीची, आणि पश्चिम युरोपात ती घडण निअँडरथलांचीच मानतात. हा तर्क तिथे चालतो. इस्रायलमध्ये चालत नाही, कारण तिथल्या काफझे गुहेत तशाच घडणीच्या अवजारांबरोबर आपल्यासारखी माणसं पुरलेली आहेत आणि १९८८ मध्ये भाजलेल्या फ्लिंटवरून त्या थराचं वय ९२ हजार आलं. म्हणजे अवजार बघून माणूस ओळखणं हे जागेवर अवलंबून. २०१७ पासून मातीतून थेट निअँडरथल डीएनए मिळवता येतो, डेनिसोव्हात २०२१ च्या कामात ७२८ सॅम्पल तपासली गेली, आणि ती वाळूची वयं काढलेल्या थरांतलीच असल्यामुळे कोण कधी होतं हे हाडाशिवायही सांगता आलं.

निकाल लिहिताना वयासोबत जमा डोस, डोस-रेट, धरलेला ओलावा, कणांची संख्या, किती कण का वगळले आणि कुठलं मॉडेल, हे सगळं एका तक्त्यात द्या. अधिक-उणे चूक एक सिग्माची (प्रमाण विचलनाची) की दोनची ते लिहा. वाक्यही जपून: 'रेघा ५७ हजार वर्षांच्या' असं नाही, 'गुहा ५७ हजार वर्षांपूर्वी बंद झालेली, रेघा त्याआधीच्या'. किती आधीच्या, ते बंद करणारा गाळ सांगू शकत नाही.

आणि प्रत्येक थराची एक जास्तीची ट्यूब न उघडता अंधारात ठेवून द्या, ती कुठल्या कपाटात आहे ते रिपोर्टमध्ये नंबरसकट लिहा. तो थर परत खोदायला मिळेलच असं नाही.